बँक खात्यात चुकून जमा झालेली रक्कम

बँक खात्यात चुकून जमा झालेली रक्कम म्हणजे ज्या पैशावर खातेदाराचा कोणताही हक्क नाही, परंतु बँकेच्या, पैसे पाठवणाऱ्याच्या किंवा संगणकप्रणालीच्या चुकीमुळे जो त्याच्या खात्यात येऊन पडला आहे, असा पैसा. अशी रक्कम शिलकेत दिसते, काढता येते आणि खर्चही करता येते. तरीही ती खातेदाराच्या मालकीची होत नाही. भारतीय कायद्यानुसार ती परत करणे बंधनकारक आहे. ती आपली नाही हे कळल्यानंतरही जाणूनबुजून वापरली, तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

या विषयाकडे सहसा केवळ लोभाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात अडचणीत येणाऱ्यांत आणखी दोन प्रकारचे लोक असतात. पैसा शासकीय योजनेचा आहे असे खरोखर समजून तो खर्च करणारे हा एक प्रकार, आणि प्रामाणिकपणे पण घाईघाईने, भलत्याच माणसाच्या हाती तो परत करणारे हा दुसरा. त्यामुळे रक्कम परत करावी एवढे सांगून भागत नाही. ती कोणाला आणि कोणत्या मार्गाने परत करावी, हेही तितकेच महत्त्वाचे ठरते.

चूक कशी होते

हातांनी खातेवह्या लिहिण्याच्या काळातही रक्कम भलत्या खात्यात जमा होत असे. एकाच गावातील सारख्या आडनावाचे दोन ठेवीदार, चलनावरील अस्पष्ट अंक, खातेवहीचे चुकलेले पान ही त्याची नेहमीची कारणे होत. दिवसअखेरीस ताळा घेतला जाई. परंतु एका ठेवीदाराची रक्कम दुसऱ्याच्या पानावर गेली, तर एकूण बेरीज जुळतच असे. म्हणून ही चूक ताळ्यात सापडत नसे. पासबुक भरून घ्यायला आलेल्या ग्राहकालाच ती सापडे. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने आजही स्थिती फारशी वेगळी नाही. संगणकाला जमा आणि नावे या दोन बाजू जुळल्याचे कळते, माणूस योग्य आहे की नाही हे कळत नाही.

सर्वाधिक चुका पैसे पाठवणाऱ्याकडून होतात. भारतात खातेक्रमांकाची लांबी बँकेनुसार बदलते आणि एक अंक चुकला तरी तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा तरी खरा क्रमांक असू शकतो. पाठवणारा नावही लिहितो, पण त्या नावाची खातेक्रमांकाशी पडताळणी होतेच असे नाही. २०१० साली रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकानुसार इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणात केवळ खातेक्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करण्यास बँकांना मुभा आहे, आणि क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे. त्याच परिपत्रकात, चुकीच्या खात्यात रक्कम गेल्याचे आढळल्यास ती नोंद उलटवण्यासाठी बँकांनी तत्पर तक्रारनिवारण यंत्रणा ठेवावी, असेही म्हटले होते. एनईएफटी आणि आरटीजीएस व्यवहारांत पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव पडताळून पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला. म्हणजे जी गोष्ट टपाल कार्यालयातील मनीऑर्डरच्या कारकुनालाही सुचली असती, ती यंत्रणेत यायला जवळपास पंधरा वर्षे लागली.

यूपीआयमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी नाव दिसते, तरीही मोबाइल क्रमांकातील एका अंकाच्या फरकाने पैसे परक्याकडे जातात. बंद पडलेला मोबाइल क्रमांक दूरसंचार कंपनी काही काळाने नव्या ग्राहकाला देते. पैसे पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मात्र त्या क्रमांकापुढे जुनेच नाव राहिलेले असते.

थेट लाभ हस्तांतरणातील चुका वेगळ्या स्वरूपाच्या असतात. आधार क्रमांकावर आधारित पद्धतीत अनुदान ज्या खात्याशी तो क्रमांक अखेरीस जोडला गेला आहे, त्या खात्यात जाते. जोडणीच्या वेळी एका व्यक्तीचा आधार क्रमांक दुसऱ्याच्या खात्याला लागला, की एकाच्या हक्काचे अनुदान दुसऱ्याला मिळत राहते, आणि हे दोघांपैकी कोणालाही पुष्कळ काळ कळत नाही.

शेवटचा प्रकार बँकेच्या स्वतःच्या प्रणालीतील बिघाडाचा. यात कधी रक्कम प्रत्यक्ष जमा होते, तर कधी केवळ पडद्यावर दिसते. सप्टेंबर २०२१ मध्ये बिहारच्या कटिहार जिल्ह्यात गणवेशाचे पैसे आले का हे पाहायला गेलेल्या दोन शाळकरी मुलांच्या खात्यांत मिळून ९०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिसली होती. मे २०२२ मध्ये चेन्नईतील एका खासगी बँकेच्या सुमारे १०० खातेदारांना आपल्या खात्यात प्रत्येकी १३ कोटी रुपये जमा झाल्याचे संदेश आले. अशा अवाढव्य चुका वृत्तपत्रांत गाजतात, पण त्या लगेच लक्षात येत असल्याने सहसा निरुपद्रवी ठरतात. माणसाला अडचणीत आणते ती पाच हजारांपासून काही लाखांपर्यंतची, खरी वाटू शकेल अशी रक्कम.

रक्कम कोणाची?

बँकेतील ठेव म्हणजे तिजोरीत ठेवलेले ठरावीक नाणे नव्हे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली फोली विरुद्ध हिल या खटल्यात बँक ऋणको आणि ठेवीदार धनको असल्याचे स्पष्ट केले, आणि भारतातही हेच तत्त्व मानले जाते. या दृष्टीने पासबुकातील जमेची नोंद म्हणजे बँकेने ग्राहकाचे देणे मान्य केल्याची नोंद होय. जे देणे मुळात नव्हतेच, ते केवळ नोंदीमुळे उत्पन्न होत नाही. नोंद हा हक्काचा प्राथमिक पुरावा आहे, तो स्वतः हक्क नव्हे. या विषयातील बहुतेक गैरसमज हा भेद ध्यानात न घेतल्याने होतात.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या पाचव्या प्रकरणात करार नसतानाही करारासारखी बंधने निर्माण करणारे संबंध सांगितले आहेत. त्यातील कलम ७२ नुसार चुकीने किंवा बळजबरीमुळे पैसे मिळालेल्या व्यक्तीने ते परत केले पाहिजेत. कलमाखालील उदाहरण साधे आहे. दोघांनी मिळून तिसऱ्याचे १०० रुपये देणे असते. एक जण ते एकट्याने फेडतो. दुसऱ्याला हे ठाऊक नसल्याने तोही १०० रुपये देतो. तिसऱ्याने हे दुसरे १०० रुपये परत करणे बंधनकारक आहे. घेणाऱ्याने काही लबाडी केली होती का, हा प्रश्नच येथे उद्भवत नाही.

या तत्त्वामागे इंग्लिश कायद्याची परंपरा आहे. १७६० साली मोझेस विरुद्ध मॅकफर्लन या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी, ज्याच्याजवळ दुसऱ्याचा पैसा येऊन पडला आहे त्याने तो न्यायबुद्धीने परत केला पाहिजे, असा विचार मांडला. केली विरुद्ध सोलारी (१८४१) या खटल्यात एका विमा कंपनीने हप्ता न भरल्यामुळे रद्द झालेल्या विमापत्राची रक्कम विसरभोळेपणाने मृताच्या पत्नीला दिली होती. पैसे देणाऱ्याने निष्काळजीपणा केला असला, तरी तो पैसे परत मागू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. ‘चूक बँकेची, मग मी का भरायचे?’ या आजही ऐकू येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर असे १८४१ सालीच देऊन झाले आहे. कलम ७२ मधील चूक वस्तुस्थितीबद्दलची असो वा कायद्याबद्दलची, दोन्ही त्यात येतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये शिबाप्रसाद सिंह प्रकरणात आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बनारसच्या विक्रीकर अधिकाऱ्याविरुद्धच्या कन्हैयालाल सराफ प्रकरणात म्हटले.

पैसे परत मागण्यासाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आहे. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १७ नुसार चुकीच्या प्रकरणी ही मुदत चूक उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती ज्या दिवशी उघडकीस आली असती त्या दिवसापासून मोजली जाते. वर्षभर कोणी विचारले नाही म्हणून रक्कम आपली झाली, असे म्हणूनच समजता येत नाही.

रक्कम सद्‌भावनेने खर्च झाली असेल, तर प्रश्न अवघड होतो. इंग्लिश न्यायालयांनी १९९१ पासून, पैसे मिळाल्यामुळे घेणाऱ्याची परिस्थिती बदलली असल्यास त्याला त्या मर्यादेत बचाव मान्य केला आहे. कलम ७२ मध्ये असा अपवाद स्पष्ट शब्दांत नाही. दावा झालाच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ११ नुसार न्यायालय हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सवलत देऊ शकते. दाव्यापूर्वीच बँकेशी लेखी बोलणी करून हप्ते बांधून घेणे अधिक सोयीचे असते.

फौजदारी बाजू

रक्कम खात्यात येणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा घडतो तो त्यानंतर, खातेदाराच्या मनात आणि त्याच्या हातून. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार हा गुन्हा सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१४ मध्ये आहे. जुन्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा होती. नव्या कलमात किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद व त्यासोबत दंड असा बदल झाला आहे.

जुन्या कलम ४०३ खालील उदाहरणे दीडशे वर्षांपूर्वीची असूनही या विषयाला नेमकी लागू पडतात. हमरस्त्यावर सापडलेला रुपया कोणाचा हे ठाऊक नसताना उचलणारा गुन्हेगार नाही. रस्त्यात सापडलेल्या पत्रात नोट आहे, आणि पत्त्यावरून व मजकुरावरून ती कोणाची हे समजते, तरीही ती ठेवून घेणारा मात्र दोषी आहे. आणखी एका उदाहरणात एक जण दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून सद्‌भावनेने घेतो, म्हणून ती चोरी ठरत नाही. पण चूक कळल्यावरही ती बळकावली तर तो अपहार ठरतो. बँकेतील रकमेला पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि व्यवहार क्रमांक चिकटलेले असतात. ती रस्त्यातल्या रुपयापेक्षा त्या पत्रातल्या नोटेसारखीच अधिक असते. शिवाय बँकेचे पत्र किंवा दूरध्वनी आल्यानंतर ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव उरत नाही.

खातेदाराने काय करावे

प्रथम रक्कम खरोखर जमा झाली आहे का, हे पाहावे. मोबाइलवरील संदेश हा पुरावा नव्हे. बँकेचे अधिकृत अॅप, पासबुक किंवा एटीएमवरील संक्षिप्त विवरण यांवरूनच खात्री करावी. त्यानंतर नोंदीचा तपशील वाचावा. बँकांच्या पासबुकातील तपशील संक्षिप्त इंग्रजी अक्षरांत असतो, आणि तो सामान्य खातेदारालाच काय, पुष्कळदा खिडकीपलीकडच्या नव्या कर्मचाऱ्यालाही चटकन उलगडत नाही. ‘एसीएच’ ही अक्षरे बहुधा लाभांश किंवा संस्थात्मक देयकाची असतात. ‘डीबीटी’ किंवा आधारचा उल्लेख अनुदान सुचवतो. प्राप्तिकराचा परतावा, मुदत संपलेली ठेव, पीकविम्याची भरपाई, विसरलेली उसनवार यांपैकी काही नाही ना, हे आठवून पाहावे. आपली असलेली रक्कम घाईने परत करणे हीदेखील चूकच होय.

रक्कम आपली नाही असे दिसल्यास तिला हात लावू नये. ती दुसऱ्या खात्यात हलवू नये, रोखीने काढून घरात ठेवू नये, ठेवीतही गुंतवू नये. या कृतींमागील हेतू कितीही चांगला असला, तरी नंतर त्यांकडे रक्कम दडवण्याचा प्रयत्न म्हणून पाहिले जाऊ शकते. एक गोष्ट बरेचदा निसटते. खात्यातून कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता किंवा वीजबिल आपोआप वळते होत असेल, तर स्वतःची शिल्लक संपल्यावर ते त्या परक्या पैशातून वळते होते. म्हणून अशा काळात खात्यात स्वतःची पुरेशी रक्कम राहील हे पाहावे लागते.

त्यानंतर आपल्या शाखेला लेखी कळवावे. केवळ तोंडी सांगणे किंवा ग्राहकसेवा क्रमांकावर बोलणे पुरेसे नाही. अर्जात खातेक्रमांक, जमेची तारीख, रक्कम आणि विवरणातील व्यवहार क्रमांक (यूटीआर) लिहावा, आणि ही रक्कम आपली नाही, ती वापरलेली नाही, बँकेने शहानिशा करून मूळ खात्यात परत करावी, असे स्पष्ट नमूद करावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख व सही घेऊन पोच ठेवावी. ईमेलने कळवले असल्यास तक्रार क्रमांक जपून ठेवावा. दोन ओळींची ही पोच खातेदाराच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते. कर्मचारी ‘राहू द्या, काही होत नाही’ असे म्हणाला, तरी ती घेतल्याखेरीज परतू नये.

पुढे काय होते, हे चूक कोणाची यावर अवलंबून असते. चूक बँकेची असल्यास ती बहुधा उलट नोंद करून रक्कम काढून घेते. खाते उघडताना ग्राहकाने मान्य केलेल्या अटींत तसा अधिकार सहसा असतोच. पाठवणारा परका असल्यास त्याची बँक खातेदाराच्या बँकेकडे मागणी नोंदवते, आणि खातेदाराकडून संमतिपत्र मागितले जाते. ते देताना रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत जाईल, हे पाहावे आणि परतीच्या व्यवहाराचा क्रमांक मागून घ्यावा. तपास चालू असेपर्यंत बँक तेवढ्या रकमेवर धारणाधिकाराची खूण करू शकते, म्हणजे ती शिलकेत दिसते पण काढता येत नाही. एका विवक्षित रकमेचा वाद असताना संपूर्ण खाते गोठवले गेले, तर खातेदाराने त्याचे कारण लेखी मागावे. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर २०२१ पासून सुरू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

परतीच्या नावाखाली फसवणूक

अनोळखी माणूस दूरध्वनी करून काकुळतीला येतो. मुलाच्या फीचे किंवा रुग्णालयाचे पैसे चुकून आपल्याकडे आले, असे सांगतो आणि ताबडतोब एका क्रमांकावर परत पाठवण्याची विनंती करतो. यातील सर्वांत साध्या प्रकारात पैसे आलेलेच नसतात. बँकेच्या संदेशासारखा दिसणारा खोटा संदेश तेवढा आलेला असतो. परत पाठवलेला पैसा स्वतःच्या खिशातला असतो.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्यात पैसे खरोखर आलेले असतात. ते तिसऱ्याच कोणाच्या तरी खात्यातून लुबाडलेले असतात. खातेदार ते सांगितलेल्या दुसऱ्या क्रमांकावर पाठवतो, आणि चोरीचा पैसा एक पायरी पुढे सरकतो. मूळ खातेदाराने राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांक १९३० वर तक्रार केल्यावर पैशाचा माग काढत पोलीस मधल्या सर्व खात्यांपर्यंत पोचतात, आणि परोपकारी खातेदाराचेही खाते गोठते. अशा मधल्या खात्यांना बँकिंगच्या भाषेत ‘म्यूल’ खाती म्हणतात. ती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ‘म्यूलहंटर’ नावाची संगणकप्रणाली विकसित केली आहे.

या दोन्ही प्रकारांवरचा उपाय एकच आहे. दूरध्वनी करणाऱ्याला त्याच्या बँकेत तक्रार करण्यास सांगावे, आपण आपल्या बँकेला कळवले असल्याचे सांगावे आणि परतफेड दोन बँकांनी आपसात करावी असा आग्रह धरावा. खरोखर चूक झालेल्या माणसाला यात दोन-चार दिवसांचा उशीर होतो, पण त्याचे पैसे बुडत नाहीत. भामटा मात्र या उत्तरानंतर पुन्हा फोन करत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी पिन घालावा लागत नाही, तो पाठवण्यासाठीच लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

शासकीय योजनांचा पैसा आणि गैरसमज

प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली आणि पूर्वी बँकेची पायरी न चढलेल्या कोट्यवधी कुटुंबांची खाती उघडली गेली. पाठोपाठ शिष्यवृत्ती, गॅसचे अनुदान, पीएम-किसानचे दोन-दोन हजारांचे हप्ते, अतिवृष्टीची मदत अशा अनेक रकमा थेट खात्यात येऊ लागल्या. त्या बहुधा पूर्वसूचनेविना येतात, कधी दोन हप्ते एकत्र येतात, कधी महिनोन्‌महिने येत नाहीत. अशा परिस्थितीत आलेली रक्कम कोणत्या योजनेची, हे खातेदाराला न कळणे अस्वाभाविक नाही. त्यातच प्रत्येकाच्या खात्यात १५ लाख रुपये येणार ही २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपासून चर्चेत असलेली समजूत होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील पैठण तालुक्यात एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात सुमारे १५ लाख रुपये जमा झाले. ते पंधराव्या वित्त आयोगातून एका ग्रामपंचायतीला विकासकामांसाठी मिळायचे होते. शेतकऱ्याने पंतप्रधानांनी पाठवल्याचे समजून त्यातील सुमारे ९ लाख रुपये घर बांधण्यासाठी खर्च केले. काही महिन्यांनी चूक उघडकीस आल्यावर बँकेने परतफेडीची मागणी केली. उरलेली रक्कम परत गेली; विटा-सिमेंटमध्ये गेलेली परत देणे त्याला शक्य नव्हते. त्याच वर्षी बिहारच्या खगडिया जिल्ह्यात साडेपाच लाख रुपये आलेल्या एका गृहस्थाने तीच समजूत सांगितली, नोटिसा आल्यानंतरही पैसे देण्यास नकार दिला आणि त्याला अटक झाली. दोघांचा प्रारंभीचा भ्रम एकच होता. कायद्याच्या दृष्टीने फरक पडला तो नोटीस मिळाल्यानंतरच्या वर्तनाने.

झारखंडमधील पश्चिम सिंहभूम जिल्ह्यात २०२३ मध्ये एका विडी कामगाराला अटक झाली. त्याचा आधार क्रमांक एका महिलेच्या खात्याशी जोडला गेला होता, आणि तो अंगठा लावून त्या खात्यातून पैसे काढत राहिला होता. जोडणीची चूक त्याची नव्हती. अशा प्रकरणांत खात्यात पैसे येताच मातृभाषेत, योजनेच्या नावासह संदेश पाठवण्याची साधी व्यवस्था असती, तर बरेच अनर्थ टळले असते.

युको बँक प्रकरण

१० ते १३ नोव्हेंबर २०२३ या चार दिवसांत, म्हणजे त्या वर्षीच्या ऐन दिवाळीत, युको बँकेच्या ४१,००० हून अधिक खात्यांत सुमारे ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या (सीबीआय) माहितीनुसार सात खासगी बँकांच्या सुमारे १४,६०० खात्यांतून आयएमपीएसद्वारे सुरू झालेले ८ लाख ५३ हजारांहून अधिक व्यवहार असे नोंदले गेले. मूळ बँकांत हे व्यवहार अयशस्वी ठरले होते आणि पाठवणाऱ्यांच्या खात्यांतून पैसे वजा झालेच नव्हते. युको बँकेत मात्र ते जमा झाले. म्हणजे हा पैसा कोणत्याही दुसऱ्या ग्राहकाचा नव्हता, तो थेट बँकेचा तोटा होता.

बँकेने संबंधित खात्यांतील रकमा रोखून काही दिवसांतच ६४९ कोटी, म्हणजे सुमारे ७९ टक्के रक्कम परत मिळवली. उरलेली रक्कम अनेकांनी तोवर काढून घेतली होती. सीबीआयने गुन्हा नोंदवून डिसेंबर २०२३ मध्ये कोलकाता व मंगळूर येथे, तर मार्च २०२४ मध्ये राजस्थानातील अनेक शहरे आणि महाराष्ट्रातील पुणे अशा ६७ ठिकाणी झडत्या घेतल्या. चुकीने आलेल्या रकमेसाठी सामान्य खातेदारांच्या दारात केंद्रीय तपासयंत्रणा पोचल्याचे हे भारतातील ठळक उदाहरण होय.

जादा वेतन आणि निवृत्तिवेतन

नियोक्त्याने हिशेबाच्या चुकीने दिलेले जादा वेतन हा जवळचा, पण वेगळ्या नियमांचा विषय आहे. येथे रक्कम योग्य माणसाच्याच खात्यात येते. आकडा तेवढा चुकलेला असतो, आणि चूक पुष्कळदा निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक तपासताना सापडते. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी अशा वसुलीला मर्यादा घातल्या. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी यांच्याकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असल्यास, वसुली करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र जादा रक्कम परत करीन असे हमीपत्र कर्मचाऱ्याने दिले असेल, तर ही सवलत मिळेलच असे नाही, हे २०१६ च्या जगदेव सिंह प्रकरणात स्पष्ट झाले. थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य (२०२२) या प्रकरणात एका निवृत्त शिक्षकाला नियमांचा चुकीचा अर्थ लावून दिलेल्या वेतनवाढीची वसुली न्यायालयाने रद्द केली. या सवलतीचा आधार कर्मचाऱ्याची सचोटी आणि त्याच्यावर येणारा असह्य भार हा आहे. परक्याची रक्कम खात्यात आलेल्या खातेदाराला तिचा दाखला देता येत नाही.

निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतरही काही महिने निवृत्तिवेतन जमा होत राहते. दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला मागण्यामागे हेच कारण आहे. मृत्यूनंतरच्या काळाची रक्कम कुटुंबीयांनी एटीएम कार्डाने काढल्यास ती परत करावी लागते. कुटुंब निवृत्तिवेतन देय असले, तरी ते वेगळ्या अर्जाने आणि वेगळ्या दराने मिळते. दुःखाच्या दिवसांत हा तपशील कोणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून मृत्यूची सूचना शाखेला लवकर देणे श्रेयस्कर.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये १९९६ साली चोरीविषयक कायद्यात दुरुस्ती करून कलम २४ अ घालण्यात आले. त्यानुसार आपल्या खात्यातील जमा गैरमार्गाने आलेली आहे हे ठाऊक असूनही ती रद्द करण्यासाठी वाजवी पावले न उचलणे, हाच स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र हे कलम चोरी, फसवणूक अशा गुन्ह्यांतून आलेल्या रकमेपुरते आहे. न्यूझीलंडमध्ये २००९ साली रोटोरुआ येथील एका जोडप्याला १ लाख डॉलरच्या कर्जमर्यादेऐवजी १ कोटी डॉलरची मर्यादा मिळाली. त्यातील बरीच रक्कम घेऊन दोघे देशाबाहेर गेले. पुढे त्यांच्यावर खटले चालले आणि पुरुषाला कारावास झाला.

अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेने रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या धनकोंना केवळ व्याज देण्याऐवजी चुकून मुद्दलासह सुमारे ९० कोटी डॉलर पाठवले. काही धनकोंनी सुमारे ५० कोटी डॉलर परत करण्यास नकार दिला. आपले खरे कर्जच फिटले असल्याने ही रक्कम ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने मात्र तो निकाल फिरवला, कारण कर्जाची मुदत अद्याप संपलेली नव्हती आणि इतकी मोठी रक्कम अनपेक्षितपणे आल्यावर तिची चौकशी करणे धनकोंचे कर्तव्य होते.